पडद्याआडचा आवाज: दूरचित्रवाणी निवेदन आणि डबिंगच्या कामाची वाट, पायरीपायरीने

निवेदन आणि डबिंगच्या कामात उतरू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी सांगितलेले असते की तुझा आवाज छान आहे. त्या शेऱ्यावर विसंबून येणाऱ्यांचे पहिले काही महिने अवघड जातात, कारण स्टुडिओत नुसत्या आवाजाला फारसे कुणी विचारत नाही. तिथे वाचन मागतात. समोर आलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालायचा आणि दुसऱ्या वेळी तो असा म्हणायचा की ऐकणाऱ्याला तो कागदावरचा आहे हे जाणवू नये, शिवाय ठरलेल्या सेकंदांत संपवायचा, एवढे साधे हे काम आहे आणि तेवढेच अवघडही. खर्जातला घुमारदार आवाज लाभलेली माणसे इथे अडखळताना, आणि साध्या, किंचित घोगऱ्या आवाजाची माणसे वर्षानुवर्षे काम करताना मी पाहिली आहेत. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये वाचनाला सर्वाधिक जागा दिली आहे. माइक, डेमो (आपल्या आवाजाचा ध्वनिमुद्रित नमुना) आणि करार त्यानंतर येतात.

पहिली पायरी: कोणत्या कामासाठी तयारी करायची ते ठरवणे

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा लेस्ली मिचेल, जॅस्मिन ब्लाय आणि एलिझाबेथ काउएल हे तिघे निवेदक प्रत्यक्ष पडद्यावर येऊन कार्यक्रमांची ओळख करून देत. सगळे थेट चालत असल्याने एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंतची फट भरणे हे निवेदकाचे मुख्य काम होते. आज ते काम बहुतेक ठिकाणी पडद्याआडून होते, बऱ्याचदा आधीच ध्वनिमुद्रित केलेले असते, आणि त्याला लागूनच इतर कामांचा मोठा पसारा उभा राहिला आहे.

हा पसारा एकसंध नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. बातम्या वाचणाऱ्याला न अडखळता, भावना आवरून, अनोळखी नावे उच्चारता यावी लागतात. प्रोमो म्हणणाऱ्याला वीस सेकंदांत उत्सुकता निर्माण करायची असते. माहितीपटाच्या निवेदकाने चित्राच्या अर्धे पाऊल मागे राहायचे असते. चित्र जे दाखवतेच आहे ते आवाजाने पुन्हा ठासून सांगायचे नसते. डबिंगमध्ये दुसऱ्याच्या ओठांवर आपली वाक्ये बसवायची असतात, ॲनिमेशन आणि व्हिडिओ गेममध्ये पात्र आवाजातूनच उभे करायचे असते, आणि ऑडिओबुकमध्ये तासन्‌तास एकच पट्टी व एकच वेग टिकवण्याची चिकाटी लागते. पहिल्या वर्षी यांपैकी दोनच प्रकार निवडावेत: एक वाचनाचा आणि एक अभिनयाचा. सगळ्यांत थोडेथोडे करणाऱ्याचे नाव कुणाच्याच यादीत वरच्या ओळीत लागत नाही.

दुसरी पायरी: उच्चार तपासणे

मराठी आपली मातृभाषा आहे म्हणून आपले उच्चार शुद्धच असणार, हा समज पहिल्याच ध्वनिमुद्रणात गळून पडतो. लिपीत एकच अक्षर असताना उच्चार दोन असण्याच्या जागा मराठीत पुष्कळ आहेत. 'गुरे चार' मधला 'च' आणि 'चार माणसे' मधला 'च' वेगळा. 'आनंदाने जग' आणि 'सारे जग' यांतला 'ज' वेगळा. 'जरा थांब' मधला 'ज' दंत्य, तर म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला तालव्य. वाचताना जीभ सवयीने एकीकडेच वळते आणि ऐकणारा क्षणभर थबकतो. बातमीत तो क्षण महाग पडतो, कारण तेवढ्यात पुढचे वाक्य निघून गेलेले असते.

अनुस्वाराचेही तसेच आहे. 'सिंह' हा शब्द आपण 'सिंव्ह' असा उच्चारतो आणि 'संशोधन' मधल्या अनुस्वाराला 'व'ची छटा येते. तिथे कुणी अक्षरशः 'सिन्ह' किंवा 'सन्शोधन' म्हटले की वाचन परके वाटू लागते. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'ष' या जोड्या, तसेच शब्दाच्या शेवटी गिळला जाणारा 'ह' (विवाह, प्रवाह), यांची स्वतःची यादी करावी. प्रत्येकाची चूक वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याची यादी उपयोगी पडत नाही. बोलीचा गोडवा घालवण्याचा हा खटाटोप नाही. डबिंगमध्ये तीच बोली भांडवल ठरते. हवी तेव्हा प्रमाण भाषा आणि हवी तेव्हा बोली, एवढा ताबा जिभेवर असला म्हणजे पुरे.

संख्यांचा सराव स्वतंत्रपणे करावा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे आकडे कागदावर ५९, ६९, ७९, ८९ असे येतात आणि डोळा पहिला आकडा वाचून जिभेला 'पन्नास' किंवा 'साठ'कडे ढकलतो, तर मराठीत ती संख्या पुढच्या दशकाच्या नावावरून म्हणावी लागते. अनुभवी निवेदकही अशा ठिकाणी पेन्सिलीने अक्षरी लिहून ठेवतात. १२.५ हे 'साडेबारा' म्हणायचे की 'बारा पूर्णांक पाच', हेही वाचायला बसण्यापूर्वी ठरलेले असावे: पाऊस, अंतर, वजन यांच्या बोलण्यात साडेबारा सहज वाटतो, पण शेजारीच १२.३ आणि १२.७ असतील तर तिन्ही पूर्णांकात वाचणे श्रोत्यासाठी सोपे.

तिसरी पायरी: मजकुरावर खुणा करणे

माझ्या मते या व्यवसायातली निम्मी विद्या पेन्सिलीत आहे. एक साधे निवेदन घेऊ:

"आज रात्री साडेनऊ वाजता पाहा मागील आठवड्यात पावसामुळे अपूर्ण राहिलेल्या अंतिम सामन्याचे उर्वरित क्षण आणि त्यानंतर दहा वाजून चाळीस मिनिटांनी दिवसभरातील महत्त्वाच्या बातम्या."

हे वाक्य लिहिणाऱ्याने एका श्वासात लिहिले आहे आणि वाचणाऱ्यानेही तसेच वाचले तर ते कोसळते. पहिला सापळा 'पाहा' या शब्दाशी आहे. त्यानंतर न थांबता 'मागील आठवड्यात' म्हणून तिथे विराम घेतला, तर श्रोत्याला 'पाहा मागील आठवड्यात' असे ऐकू येते आणि अर्थाचा घोटाळा होतो. म्हणून एक उभी रेघ छोट्या विरामासाठी आणि दोन रेघा श्वासासाठी धरून मजकूर असा मांडावा:

"आज रात्री | साडेनऊ वाजता पाहा || मागील आठवड्यात पावसामुळे अपूर्ण राहिलेल्या | अंतिम सामन्याचे उर्वरित क्षण || आणि त्यानंतर | दहा वाजून चाळीस मिनिटांनी | दिवसभरातील महत्त्वाच्या बातम्या."

आता अधोरेखित काय करायचे? नवख्याचा कल 'महत्त्वाच्या' या शब्दाला वजन देण्याकडे असतो, कारण शब्दच भारदस्त आहे. पण श्रोत्याला हवी असलेली माहिती 'साडेनऊ', 'अंतिम सामना', 'दहा चाळीस' आणि 'बातम्या' ही आहे. वजन तिथेच द्यावे, आणि शेवटचा 'बातम्या' हा शब्द श्वास संपत आल्यामुळे घशात विरू देऊ नये. वाक्य अजूनही जड वाटत असेल तर ज्याने लिहिले त्याला विचारून त्याचे दोन तुकडे करावेत. परस्पर शब्द बदलणे मात्र निवेदकाचा अधिकार नाही. जाहिरातीत तर एकेका शब्दाला ग्राहकाची मंजुरी मिळालेली असते.

वाक्याच्या शेवटाबद्दल एक गोष्ट मराठीपुरती खास सांगावीशी वाटते. आपले वाक्य बहुधा क्रियापदावर, त्यातही 'आहे', 'आहेत', 'होते' यांवर संपते आणि हे शब्द अर्थाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे असतात. 'पाऊस थांबला आहे' या वाक्याचे वजन 'थांबला' वर आहे. ते 'आहे' वर टाकण्याची सवय लागली की प्रत्येक बातमी एकाच सुरात संपते आणि त्यातून ती ओळखीची एकसुरी लय तयार होते, जिची नक्कल लहान मुलेसुद्धा करतात. पाच बातम्या ध्वनिमुद्रित करून प्रत्येक वाक्याचे फक्त शेवटचे दोन शब्द ऐकावेत. दोष तिथेच सापडतो.

चौथी पायरी: घड्याळाशी जुळवून घेणे

मजकूर किती सेकंदांचा होईल हे नुसते पाहून सांगता आले पाहिजे. त्यासाठी आधी स्वतःचा वेग माहीत हवा. बातमी, माहितीपट आणि प्रोमो असे तीन प्रकारचे मजकूर प्रत्येकी दोन मिनिटे वाचावेत आणि वाचलेले शब्द मोजून त्यांना दोनने भागावे. समजा, माहितीपटाचा वेग मिनिटाला १०० शब्द निघाला, तर ३० सेकंदांच्या जागेत तुमच्यासाठी सुमारे ५० शब्द मावतात, आणि लेखकाने ७० पाठवले तर घाई करण्यापेक्षा मजकूर कमी करून मागणे योग्य. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपले शब्द लांब असतात. इंग्रजी मजकुराचे शब्द मोजून ठरवलेली जागा मराठी भाषांतराला हटकून अपुरी पडते, हे निर्मात्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

दोन सेकंद वाचवायचे असतील तर शब्द भराभर म्हणू नयेत, विराम आखडते घ्यावेत. शब्द तेवढ्याच स्पष्टतेने पोचतात आणि घाई जाणवत नाही. उलट दोन सेकंद वाढवायचे असतील तर वजनाच्या शब्दापूर्वीचा विराम किंचित ताणावा.

पाचवी पायरी: माइक आणि खोली

पैसे हाताशी आले की आधी माइक घेतला जातो आणि खोलीचा विचार नंतर होतो. क्रम उलटा असायला हवा. रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत महागडा माइक ठेवला तर तो त्या खोलीचा घुमारा अधिक बारकाईने टिपतो. टाळी वाजवून ऐकावे. टाळीमागे झणत्कार उरत असेल तर ती खोली अजून तयार नाही. कपड्यांनी भरलेले कपाट, जाड गोधड्या, गादी, गालिचा यांनी सुरुवातीचे काम भागते. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावण्याचा उपाय जुना आणि जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पातळ पुठ्ठा मध्यम व खालच्या कंपनसंख्यांचा आवाज शोषू शकत नाही. बाहेरची रहदारी मात्र यांपैकी कशानेच थांबत नाही; तिच्यासाठी जड भिंत लागते किंवा पहाटेची वेळ.

माइकपासून तोंडाचे अंतर साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, ठेवावे. एका दिशेचा आवाज घेणारे माइक, ज्यांना कार्डिऑइड म्हणतात, फार जवळ गेल्यावर खर्ज फुगवतात. नवख्यांना हा फुगलेला आवाज फार आवडतो आणि ते माइकला ओठ लावून बोलू लागतात. परिणामी प्रत्येक श्वास आणि जिभेचा प्रत्येक टकटकाट त्यात उतरतो. याच माइकची पाठ सर्वांत कमी ऐकते, म्हणून संगणकाचा पंखा किंवा खिडकी त्या पाठीच्या दिशेला येईल अशी मांडणी करावी.

मराठीत महाप्राण अक्षरे भरपूर आहेत. 'फ' आणि 'भ' उच्चारताना हवेचा झोत सरळ माइकवर आदळतो आणि ध्वनिमुद्रणात 'धप्प' असा ठोका उमटतो. माइकपुढे हवेचा झोत अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, लावावाच, शिवाय माइक तोंडासमोर धरण्याऐवजी ओठांच्या किंचित बाजूला वळवावा. हाताचा तळवा तोंडासमोर धरून 'भरभराट' म्हणून पाहा. झोत कुठे लागतो ते कळेल आणि माइक तेवढी जागा सोडून ठेवता येईल.

तांत्रिक बाजू फार मोठी नाही. चित्रासोबत जाणारे काम ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये द्यावे. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा शब्दही उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि तो नंतर पूर्ववत होत नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावरून, म्हणजे इंटरफेसवरून, मिळतो. ऑडिओबुकसाठी अनेक ठिकाणी पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलपेक्षा कमी असावा अशी अट असते, आणि ती पुरी करण्यासाठी आवाज पुसणारे सॉफ्टवेअर जोरात चालवले की शब्दांची टोके खाल्ली जातात. दूरचित्रवाणीच्या अंतिम ध्वनिपातळीचे मानक (युरोपात उणे २३ एलयूएफएस; हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) सांभाळणे हे मिक्सिंग करणाऱ्याचे काम आहे. त्याला स्वच्छ, कोणतेही परिणाम न चढवलेला आवाज पाठवला की आपली जबाबदारी संपते.

सहावी पायरी: थेट प्रक्षेपण

थेट निवेदनात कानात नियंत्रण कक्षाचा आवाज चालू असतो, समोर टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे वाचायचा मजकूर दाखवणारा पडदा, सरकत असतो आणि तोंड तिसरेच काही म्हणत असते. याचा सराव घरी करता येतो: एका कानात गप्पांचा कार्यक्रम लावावा आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे. पहिले तीन दिवस वाक्ये तुटतात, मग कान आणि जीभ वेगळ्या वाटांनी चालू लागतात. टेलिप्रॉम्प्टरच्या बाबतीत बहुतेकांचा गैरसमज असतो की त्याच्या वेगाने वाचायचे. प्रत्यक्षात चालवणारा माणूस वाचकाच्या मागे येत असतो. आपण घाबरून वेग वाढवला की तोही वाढवतो आणि दोघे मिळून मजकूर पळवतात. एक वाक्य मुद्दाम सावकाश म्हटले की सगळे ताळ्यावर येते.

माझी पहिली फजिती याच टप्प्यावर झाली. ध्वनिमुद्रित कार्यक्रम अपेक्षेपेक्षा चाळीस सेकंद आधी संपला, माझ्या हातातल्या कागदावर पंधरा सेकंदांचा मजकूर होता, आणि तो संपल्यावर मी तोच पुन्हा, थोड्या वेगळ्या शब्दांत म्हणू लागलो. कानात शांतता होती, जी ओरडण्यापेक्षा वाईट असते. त्या दिवसापासून मी टेबलावर नेहमी तीन सुटे कागद ठेवत आलो: दहा, वीस आणि तीस सेकंदांचे, पुढच्या आठवड्यातील कार्यक्रमांविषयीचे, कधीही सुरू करून कधीही थांबवता येतील अशा छोट्या वाक्यांचे. त्यातले प्रत्येक वाक्य स्वतंत्र आहे ना हे तपासावे. 'तसेच' किंवा 'त्याशिवाय' ने सुरू होणारे वाक्य अशा वेळी गळ्यात अडकते.

चूक झाली तर ती कशी सुधारायची, हेही आधी ठरवून ठेवावे. शब्द चुकला आणि अर्थ बदलत नसेल तर पुढे जावे. आकडा किंवा नाव चुकले तर ते तत्काळ, एकदाच, शांतपणे दुरुस्त करावे. हसणे, पुन्हा पुन्हा क्षमा मागणे किंवा कुणाकडे तरी पाहणे यामुळे न लक्षात आलेली चूकही सगळ्यांच्या लक्षात येते.

सातवी पायरी: डबिंग

डबिंगच्या कक्षात पडदा, माइक, हेडफोन आणि समोर टाइमकोड, म्हणजे प्रत्येक वाक्याची चित्रातली नेमकी वेळ, टाकलेली संहिता असते. एक छोटा तुकडा मूळ भाषेत एकदा-दोनदा दाखवतात आणि मग आपल्याला म्हणायचा असतो. कुठे बोलायचे हे पडद्यावर दिसत असले तरी केवळ ओठ पाहून सुरू करणारा नेहमी उशिरा पोचतो. मूळ नटाचा श्वास हेडफोनमध्ये ऐकावा आणि त्याच्यासोबत स्वतःचा श्वास घ्यावा, म्हणजे वाक्य आपोआप जागेवर पडते.

आवाज आणि ओठ यांतला फरक किती खपतो, यावर दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांत मोजमापे आहेत: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर फरक जाणवू लागतो, पण उशिरा येणारा आवाज जवळपास १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात प्रकाश आधी आणि ध्वनी नंतर पोचत असल्याने उशीर आपल्या सवयीचा असतो. डबिंग करणाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच की शंका असेल तर क्षणभर मागे राहिलेले चालते, पुढे गेलेले चालत नाही.

ओठ मिटणारी अक्षरे, म्हणजे प, ब, भ, म, ही प्रेक्षकाला दिसतात; बाकीची बहुतेक आत, जिभेवर घडतात. एक प्रसंग धरा. जवळून घेतलेल्या दृश्यात पात्र एक वाक्य म्हणते आणि शेवटी त्याचे ओठ 'म'वर मिटतात व मिटलेलेच राहतात. संहितेत मराठी वाक्य आहे, 'ते मी करतो.' हे उघड्या तोंडाने संपते आणि पडद्यावर ओठ मिटलेले असताना 'ओ' ऐकू येतो. त्याऐवजी 'ते माझं काम' म्हटले तर लांबी जवळपास तीच राहते, आशय तोच राहतो आणि शेवटचा 'म' नेमका जागेवर बसतो. मराठी क्रियापदे बहुधा स्वरावर संपत असल्याने ही अडचण रोजची आहे, आणि क्रियापद वाक्याच्या मध्ये घेणे किंवा पूर्णपणे टाळणे हा तिच्यावरचा रोजचा उपाय. असे पर्याय डबिंग दिग्दर्शकाला सुचवणारा कलाकार लवकर लक्षात राहतो, मात्र सुचवण्याची वेळ तुकडा म्हणण्याआधीची असते. चार टेक झाल्यावर संहितेला दोष देणे कुणालाच रुचत नाही.

गेम आणि ॲनिमेशनमध्ये किंकाळ्या, मारामारीतले हुंकार, पडण्याचे आवाज असतात. ते सत्राच्या शेवटी ठेवावेत अशी विनंती आधीच करावी. सुरुवातीला ओरडून घेतले की उरलेली संवादांची पाने फाटक्या गळ्याने म्हणावी लागतात.

आठवी पायरी: डेमो आणि पहिली कामे

डेमो साठ ते नव्वद सेकंदांपेक्षा लांब करू नये. ऐकणारा पहिल्या पाच-सात सेकंदांतच पुढे ऐकायचे की नाही ते ठरवतो, म्हणून सर्वांत सहज जमणारी गोष्ट आधी ठेवावी आणि पंधरा आवाज काढून दाखवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा डेमो असावा. माहितीपटासाठी आवाज शोधणाऱ्याला कार्टूनमधला उंदीर ऐकायचा नसतो. दुसऱ्याच्या गाजलेल्या निवेदनाची नक्कल डेमोत टाकू नये, आणि सरावासाठी स्वतः लिहिलेली जाहिरात खरे झालेले काम म्हणून सादर करू नये. हे क्षेत्र लहान आहे, विचारणारा विचारतोच.

डेमो तयार होण्यापूर्वी किमान सहा महिने वाचनाचा सराव झालेला असावा, असे माझे मत आहे. घाईने पाठवलेला कच्चा डेमो ऐकलेली माणसे दुसरा डेमो सहसा उघडत नाहीत. दरम्यान अंधांसाठीच्या ग्रंथालयांना वाचून देणे, समारंभांचे सूत्रसंचालन, विद्यार्थी लघुपटांचे डबिंग, शैक्षणिक ध्वनिफिती अशी कामे करावीत. त्यांतून मिळते ती मुख्यतः सलग दोन तास बसण्याची ताकद.

सत्राच्या दिवशी पंधरा मिनिटे आधी पोचावे, खुळखुळणारे दागिने व सळसळणारे कपडे घालू नयेत, फोन बंद ठेवावा आणि पेन्सिल स्वतःची आणावी. कागद उलटताना बोलू नये. दिग्दर्शक 'जरा हलकं करा' म्हणाला, तर त्याचा अर्थ आवाज कमी करा, वेग वाढवा की हसरे म्हणा, हे एका प्रश्नात विचारून घ्यावे.

नववी पायरी: करार

या कामात मोबदला दोन गोष्टींचा असतो, एक म्हणण्याचा आणि दुसरा वापराचा, आणि नवखे लोक दुसरा विसरतात. आवाज कोणत्या माध्यमात, किती प्रदेशात आणि किती काळ वापरला जाणार, हे लेखी हवे. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले तर ती पूर्ण विक्री आहे हे ओळखून त्या हिशेबानेच रक्कम सांगावी. प्रतिस्पर्ध्याच्या उत्पादनाला आवाज न देण्याची अट असेल तर तिलाही मुदत हवी. पुन्हा वाचन कुणाच्या खर्चाने, याचा साधा निकष असा: चूक वाचणाऱ्याची असेल तर विनामूल्य, मंजूर झाल्यावर मजकूर बदलला असेल तर नव्याने आकारणी.

अलीकडे करारातले एक कलम बाकी सगळ्यांपेक्षा काळजीपूर्वक वाचावे लागते: ध्वनिमुद्रणाचा वापर संगणकीय आवाज तयार करण्यासाठी किंवा यंत्रप्रशिक्षणासाठी करता येईल का. अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेने जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेमच्या कामाबाबत पुकारलेल्या संपाच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न होता आणि तो संप २०२५ मध्येच मिटला. करारात याबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर 'लेखी संमतीशिवाय आवाजाची कृत्रिम प्रतिकृती तयार करता येणार नाही' हे वाक्य घालून मागावे. नकार मिळाला तर निदान आपण काय विकतो आहोत ते कळते.

दहावी पायरी: गळा

प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही. गिळताना ती वाट बंद झालेली असते. ओलावा शरीरातून पोचतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे माइकपुढे घोट घेण्यापेक्षा सकाळपासून पाणी पीत राहणे उपयोगाचे. तोंडातली चिकट टकटक कमी करण्यासाठी अनेक जण हिरव्या सफरचंदाची फोड जवळ ठेवतात. सत्रापूर्वी दहा मिनिटे ओठ फडफडवत सूर वर-खाली नेणे किंवा बारीक नळीतून गुणगुणणे पुरते. घसा वारंवार खाकरू नये, कारण त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. गिळावे किंवा हलकेच गुणगुणावे. आवाज बसला असताना कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, त्यापेक्षा गप्प राहणे बरे.

घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. आणि कामाच्या दिवशी सकाळी आवाज लागत नाही असे दिसले, तर स्टुडिओला तेव्हाच फोन करावा. सत्र पुढे ढकलणे सकाळी शक्य असते. माणसे जमल्यावर, तिसऱ्या टेकला, नसते.